सहा ते सव्वासात

४ नोव्हेंबर

पुन्हा! सहाला लिहायला बसले, सहा-दहाला दारावर टकटक. नवरा. "माझा निळा शर्ट कुठंय?" अरे, कपाटात! एकोणीस वर्षं जिथे असतो तिथेच! उठले, काढून दिला, परत येऊन बसले तर अर्ध्यावर सोडलेलं वाक्य पुढे काय होतं तेच आठवेना.

संपादकबाईंनी स्पष्ट सांगितलंय — डिसेंबरअखेर पूर्ण कादंबरी हातात हवी, नाहीतर विषय संपला. सात वर्षांत माझी नव्वद पानं झालीत. नव्वद! दहा वाजता चष्म्याचं दुकान उघडायचं, की रात्री आठपर्यंत "वरची ओळ वाचा, आता खालची." सकाळचे सहा ते सव्वासात, एवढाच काय तो वेळ माझा. तोही कुरतडतात.

५ नोव्हेंबर

दारावर कागद चिकटवला : 'सव्वासातपर्यंत आत येऊ नये.' लेक म्हणाली, "आई, कृपया राहिलं." राहिलं नाही. गाळलंय.

७ नोव्हेंबर

आज खालच्या मजल्यावरचे सेक्रेटरी. साडेसहाला! पाण्याच्या टाकीबद्दल तक्रारअर्ज हवा. "तुम्ही लेखिका, तुम्हाला काय, दोन मिनिटांचं काम!" अकरा वर्षांपूर्वी एका मासिकात एक कथा छापून आली, तेव्हापासून मी या इमारतीची फुकटची कारकून. निरोपाची भाषणं मी लिहायची, तक्रारी मी लिहायच्या, कुणी गेलं की श्रद्धांजलीसुद्धा मीच. दातांच्या डॉक्टरला जिन्यात गाठून कुणी म्हणतं का, जाता जाता एवढी दाढ काढून द्या?

अर्ज लिहून दिला. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

८ नोव्हेंबर

अर्धं पान. बाकी वेळ सेक्रेटरींवर चरफडण्यात गेला.

१२ नोव्हेंबर

आज 'नाही' म्हणाले! जन्मात पहिल्यांदा!

थोरल्या जाऊबाई आल्या वरून. हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात आहेत, बावीस वर्षं झाली. त्यांच्या मुकादमबाई शनिवारी निवृत्त होतायत. "चार ओळी लिहून दे गं भाषणाच्या. तुझं आपलं बरं, बसल्या बसल्या होतं."

बसल्या बसल्या! तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "नाही जमणार, वहिनी. तुमचं तुम्ही लिहा."

"मला मेलीला कुठे येतंय लिहायला?"

"मग शिका!" आणि दार लावलं. धाडकन नाही, पण लावलं. एक अक्षर लिहून झालं नाही. पण मागे हटले नाही!

१३ नोव्हेंबर

नवऱ्यानं तोंड फुगवलंय. "चार ओळींनी काय झिजली असतीस? वहिनी रडत होती." मी म्हटलं, तुझे हात आहेत ना, तू लिही. जेवणाच्या टेबलावर मला कुणी मीठसुद्धा पुढे केलं नाही. नका करू. मला पानं हवीत, मीठ नको.

१५ नोव्हेंबर

नवऱ्यानं हट्टानं कार्यक्रमाला नेलं. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. मी मागच्या रांगेत, जाऊबाईंची फजिती बघायला. हो, त्यासाठीच गेले होते. इथे खोटं कशाला लिहू?

त्या उठल्या. हातात कपड्यांच्या पावत्या, मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलेलं. वाचायला लागल्या —

"वॉर्डातली चादर उचलताना बाई म्हणायच्या, हिच्यावरचा माणूस रात्रभर झोपलेला नाही. मग त्या खाटेवर जास्तीची एक उशी ठेवून यायच्या. कुठे नोंद नाही. उशा मोजायला साहेब आले की आम्ही सगळ्या खोटं बोलायचो. बावीस वर्षं बोललो. आम्हाला त्याची लाज वाटत नाही."

मुकादमबाईंनी पदर तोंडावर धरला. साहेब समोरच बसले होते, ते जमिनीकडे बघत राहिले.

माझ्या डोक्यात पहिलं काय आलं? हिला हे लिहून कुणी दिलं!

बाहेर पडताना विचारलंच. "कधी लिहिलंत हे?"

"मशीन फिरतं ना, तेव्हा. अठरा मिनिटं लागतात एका धुण्याला. तिथेच, उभ्या उभ्या." मग माझा हात धरून म्हणाल्या, "तू नाही म्हणालीस म्हणून झालं गं. आता रोज काहीतरी खरडावंसं वाटतंय."

जळले मी. साधं सरळ, जळले. रिक्षात नवरा काहीतरी बोलत होता, त्याच्यावरच खेकसले.

१६ नोव्हेंबर

नव्वद पानं पहिल्यापासून वाचली. वाक्यं नीटनेटकी आहेत. बाकी काही नाही.

१७ नोव्हेंबर

सहा ते सव्वासात. शर्ट त्यानं स्वतः काढला. सेक्रेटरी आले नाहीत. जाऊबाई वरती लिहीत असतील. घरात चिडीचूप, दारावर एक टकटक नाही. कोऱ्या पानापुढे पाऊण तास कान देऊन बसले होते, कुणीतरी यावं म्हणून.