बाबांनी टाकलेला टॉवेल

नेरूळ,
रविवार

प्रिय वरद,

हे पत्र तुझ्या बॉक्सिंगच्या मानसिंग सरांच्या हाती देते आहे. रिमांड होममध्ये त्यांना आत सोडतात आणि त्यांना तू भेटतोस. आम्ही गेलो तेव्हा शिपाई आत जाऊन आला आणि म्हणाला, "पोरगा नाय बोलतो." आईने केलेला शिरा तसाच परत आणला आणि बसस्टॉपवर उभं राहून मी तो सगळा खाल्ला. राग काढायला दुसरं काही हाताशी नव्हतं. पत्र फाडू नकोस. ताईचं एवढं एक ऐक. एरवी तू माझं कधी ऐकलं आहेस म्हणा!

घरी तसं बरं आहे. आई रुखवतातल्या शेवया करायच्या ऑर्डरी घेते आणि सगळ्या शेवया तुटतात म्हणून रडते. शेवयांना बिचाऱ्यांना उगाच दोष. खालच्या मालतीबाई जिन्यात भेटल्या की तुझी चौकशी करतात आणि उत्तर ऐकायच्या आधीच च्‌ च्‌ करतात. मी सांगते, वरद मजेत आहे, जेवण तुमच्यापेक्षा बरं मिळतं. खोटं असेल तर माफ कर.

त्या बॉक्सिंगच्या कार्यक्रमाबद्दल घरात कुणी अवाक्षर काढत नाही. मला मात्र बोलायचं आहे. तू रिंगच्या आत होतास आणि मी बाबांच्या मागच्या खुर्चीत. जे मला दिसलं, ते तुला तिथून दिसणं शक्यच नव्हतं.

सरांच्या बॉक्सिंग सेंटरच्या मदतीसाठी तिकिटं लावून कार्यक्रम होता, त्यामुळे मैदानावरचा मांडव भरला होता. पहिल्या कुस्त्या, म्हणजे बॉक्सिंग, मोठ्या माणसांच्या. साडीच्या दुकानवाले आणि आपले दातांचे डॉक्टर दोन फटक्यांत धापा टाकत एकमेकांच्या गळ्यात पडले आणि लोक पोट धरून हसले. मग सेंटरच्या मुलांच्या लढती लागल्या आणि लोक पुढे सरकून बसले. आपल्या सोसायटीतले निम्मे लोक खरोखर मदतीला आले होते. निम्मे मात्र स्कूटर चोरणारा पोरगा मार कसा खातो ते बघायला आले होते. सेक्रेटरी बाजीराव काका तर पहिल्या रांगेत पान लावून बसले होते. बाबांना हे सगळं कळत होतं. त्यांचे कान लाल झाले होते.

सरांची ती पद्धत तुला माहीतच आहे, मुलाच्या कोपऱ्यात सरांबरोबर घरचं एक माणूस बसलंच पाहिजे. सर म्हणतात, ह्या पोरांच्या मागे कुणी उभं राहत नाही, म्हणून ती वाकड्या वाटेला लागतात. बाबांनी त्यासाठी ऑफिसातून अर्धी रजा काढली आणि इस्त्रीचा शर्ट घातला. आजवर तुझ्या शाळेने त्यांना बोलावलं ते तक्रारीसाठीच. ह्यावेळी कुणीतरी चांगल्या कामाला बोलावलं होतं. बादली कुठे ठेवायची, स्टूल कधी सरकवायचं, हे सरांना चारचारदा विचारून घेतलं. टॉवेल सरांनी बाबांच्या खांद्यावर टाकला आणि सांगितलं, राहू दे इथे. टॉवेल आत टाकला की कोपऱ्याने हार मानली असा अर्थ होतो, हे सरांनी सांगितलं नाही. त्यांना वाटलं, एवढं जगात सगळ्यांना ठाऊक असतं. आपल्या घरात कॅरमच्या पुढे कुणाची मजल गेली आहे का?

दुसऱ्या राउंडमध्ये तुझ्या नाकातून रक्त आलं. थोडंसंच होतं, सर म्हणतात तू पुढे होतास. तू ग्लोव्हनेच नाक पुसलंस आणि कोपऱ्याकडे बघितलंस. मी बाबांचा चेहरा बघितला. तू खेळून घामाघूम येतोस, तेव्हा ते पेपरातून मान वर न करता खुंटीवरचा टॉवेल तुझ्याकडे टाकतात, "पूस आधी" म्हणतात, अगदी तसाच त्यांचा हात खांद्याकडे गेला. "पूस आधी" असं ते म्हणालेसुद्धा, मी ऐकलं. टॉवेल तुझ्या पायाशी पडला. रेफरीने हात वर करून लढत थांबवली आणि त्या दुसऱ्या मुलाचा हात उचलला. बाबा तरीही तुला खुणेनेच सांगत होते, उचल, पूस.

मग तू म्हणालास, "झालं समाधान? काढलीत लाज?" आणि ग्लोव्हजसकट खाली उतरून गेलास. आदल्या आठवड्यात ते म्हणाले होते ना, हा काय लढणार, तेच तुझ्या डोक्यात असणार. ते तसं म्हणाले, हे खरंच आहे. पण त्या संध्याकाळी ते तुला हरवायला आले नव्हते रे. सरांनी टॉवेलचा अर्थ सांगितला तेव्हा ते मांडवाच्या बांबूला धरून उभे राहिले. मग सरांना म्हणाले, परत खेळवा ना, चूक माझी आहे, मी तसं लिहून देतो. रेफरीलाही जाऊन भेटले. त्यांना कुणी रागावलंसुद्धा नाही. सगळ्यांनी समजूत घातली आणि नियम नियमाच्या जागी राहिला.

त्यानंतर तू पूर्वीच्याच त्या मुलांबरोबर सीवूड्सच्या रस्त्यावर पुन्हा चोरीच्या स्कूटरवर सापडलास, तेव्हापासून बाबा अर्ध्या ताटावरून उठतात. मी तुला समजवायचा प्रयत्न केला असता, पण तू समोर येत नाहीस. त्यांना समजवते, तर ते फक्त मान हलवतात. आई दोघांसाठी नवस बोलते. आमच्यातल्या एकालाही काही जमत नाही.

आता खरं कशासाठी लिहिते आहे ते सांगते. मंगळवारी कोर्टात न्यायाधीश मॅडम तुला विचारतील, घरी जायचं आहे का. रिमांड होममधल्या ऑफिसर बाईंनी सांगितलं, तू त्यांच्याजवळ म्हणालास की बाबा असतील त्या घरात येणार नाही. नाही म्हणालास, तर तुला लांबच्या संस्थेत पाठवतील, मग आमचं कुणाचंच चालणार नाही. बाईंचं बोलणं मी घरी सांगितलं. सांगायला नको होतं. काल संध्याकाळी बाबांनी माळ्यावरची बॅग उतरवली, चार शर्ट आणि दाढीचं सामान भरलं आणि ठाण्याच्या काकांना फोन केला की ऑफिसला तिथून जवळ पडेल. जवळ पडत नाही, तुलाही माहीत आहे. मंगळवारी सकाळी ते जाणार आहेत, म्हणजे तुला मॅडमना हो म्हणता येईल. आई म्हणाली थांबा, मी म्हटलं थांबा, ते म्हणाले पोरगा घरी येऊ दे. वरद, तू हो म्हणालास तर ते जाणार, नाही म्हणालास तर तू जाणार. तुझ्याकडे मी काय मागू, मलाच कळत नाही. बॅग दाराशी आहे. ते आमचं कुणाचंच ऐकत नाहीत.

तुझीच,
जाईताई