मोरचूद नसलेली प्रत

सोम. ६ जाने., पेण
मालतीचा रोह्याहून फोन. अण्णांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, छापखान्याचं पहिलं पुस्तक हवंय. छोटासा कवितासंग्रह, पण पहिली आवृत्तीच. घरातल्या प्रती पुरात गेल्या. "आईनं स्वतः खळ लावून बांधलेली गो ती. तिच्या हातचं दुसरं काय नाय माझ्याकडं." आई गेली तेव्हा मालती तीन वर्षांची.
म्हटलं, आहेत माझ्याकडे दोन, कोऱ्या करकरीत. तीस वर्षं ग्रंथपाल होते, एवढं कळतं मला. फार रुबाबात बोलले.

गुरु. ९
दोन्हींवर 'पहिली आवृत्ती' छापलंय. तरी खात्री करावी म्हणून गडबला, नामाकाकांकडे. अण्णांकडे खिळे जुळवायचे ते. प्रती बघून हसायलाच लागले.
"बाई, ही दुसरी. त्या पानाचे जुळवलेले खिळे तसेच बांधून ठेवले व्हते, तेच परत छापले."
मग ओळखायची कशी? पाठीकडून उघडून दाखवली. खळ निळसर. "ह्यो मोरचूद. कसर लागू नये म्हणून. पयल्या वेळेला आमाला कुठं ठाव? निस्ती भाताची खळ. कसरीनं खाल्लेली ती पयली."
परतताना एसटीत आठवलं. वाचनालयातल्या कसर लागलेल्या प्रती...

शुक्र. १०
वाचनालयात जाऊन जुनी नोंदवही काढली. एकूण चार प्रती. तीन रद्दीत. शेरा माझ्याच अक्षरात: 'कसर, निरुपयोगी.' इतका राग आला स्वतःचा.
चौथी नेलेली, परत आलीच नाही. वाचकाचं नाव, नामाकाका! यांना मी सहा पोस्टकार्डं धाडली होती, शेवटचं चांगलं खरमरीत. आणि काल एक अक्षर बोलले नाहीत. लबाड म्हातारा.

रवि. १२
पुन्हा गडब. मी तोंड उघडायच्या आत ट्रंकेतून पुस्तक काढलं, जुन्या धोतरात गुंडाळलेलं. "माझ्याच हातचं, परत कसा देनार? पन मालूसाठी न्या."
पानांची चाळण झालीय. मोरचूद नाही. आणि पाठीशी, वाळलेल्या खळीत, अंगठ्याचा स्वच्छ ठसा! तिच्या आईचाच असणार. मालतीला हेच तर हवंय.
विचारलं, खळ कोण लावायचं?
"मालूची आय, वयनी, न् मी. दोघं."
मग त्यांनी आपला अंगठा ठशावर टेकवला. नेमका बसला. थोडा वेळ तसाच ठेवला, मग उचलला. माझ्याकडे बघितलं नाही.
"वयनीचाच हाय," म्हणाले. "तसंच सांगा तिला."

सोम. १३
मालती अकराच्या गाडीनं येतेय. ठशाचं तिला अजून बोलले नाही. सकाळपासून दोनदा चहा केला, दोन्ही गार.
पुस्तकात चिठ्ठी घातली: 'पहिली आवृत्ती. खात्रीशीर.' खाली 'ठसा:' एवढंच लिहून पेन ठेवलंय.