शेपटीपुरती शिडी

तीर्थरूप बाबांना,

आपल्या एकुलत्या एक जावयाचा, कंबर परवानगी देईल तितका वाकून नमस्कार. (सध्या ती फारशी देत नाही. कारण पुढे येईलच.) आपली प्रकृती कशी आहे? गुडघा काय म्हणतो? लिफ्ट तपासनिसाच्या नोकरीतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी कुणाच्याही इमारतीत गेलात की आपण आधी लिफ्टमध्ये डोकावून नाक मुरडता आणि मग जिन्याने वर जाता, असं आईंकडून कळलं. ऐकून बरं वाटलं, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे. आईंना नमस्कार सांगावा. त्यांनी विणून पाठवलेल्या लाल मफलरचा फार उपयोग झाला. (कसा, तेही पुढे.) मागच्या खोलीत आपण कुलपात ठेवलेली ती घडीची शिडी अजून आहे ना? सहज विचारलं.

पत्रास कारण असं की, जावई दुपारी फ्रेमचं दुकान बंद करून कुठेतरी गाड्या धुतो, अशी बातमी मावशींनी आपल्याला फोनवरून दिल्याचं समजलं. मावशींच्या बातमीत नेहमीप्रमाणे अर्धंच खरं आहे. मी गाड्या धूत नाही. मी विमानं धुतो. हे वाचून आपण चष्मा काढाल, पुसाल, परत लावाल आणि तीच ओळ पुन्हा शोधाल, म्हणून आपली सोय व्हावी यासाठी पुन्हा लिहितो: मी विमानं धुतो. लग्न ठरताना आपण चारचौघांत म्हणाला होतात, की मुलगा दिसायला बेताचाच आहे, पण त्याचे पाय जमिनीवर आहेत. त्या एका वाक्यावर मला आपली लेक मिळाली, हे मी विसरलेलो नाही. विमानं जमिनीवर उभी असतानाच धुतात, याची कृपया नोंद घ्यावी.

झालं असं, की शहराबाहेर एक लहानसा विमानतळ आहे. विमानतळ म्हटल्यावर काचेचे दरवाजे आणि बॅगांच्या रांगा डोळ्यांसमोर आणू नयेत. एक धावपट्टी, एक पत्र्याची भलीमोठी शेड, तीत हौशी लोकांची दोन-चार माणसं मावतील अशी विमानं, आणि एक ऑफिस, ज्याच्या भिंतीला ओल आली आहे. ती ओल झाकण्यासाठी तिथले जुने फोटो फ्रेम करून लावायचं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं. मी फ्रेमा पोचवायला गेलो, तर तिथले शिक्षक सहज म्हणाले, बसता का? मी बसलो. बाबा, तिथेच सगळं बिघडलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या फोटोंना चौकटी ठोकत आलेला मी माणूस. वरून मला माझं दुकान दिसलं, आणि ते काडेपेटीएवढं होतं. खाली उतरलो तो हेच मनात घेऊन, की मरायच्या आत एकदा आपण स्वतः विमान वर न्यायचं आणि धड परत आणायचं. दुसरं काही मी आयुष्यात मागितलेलं नाही, हे आपली कन्याही कबूल करेल. (तिने बरंच मागितलं होतं, ते वेगळं.)

त्या शिक्षकांना तिथे सगळे हळूकाका म्हणतात. आडवा देह, झुपकेदार मिशा आणि शिकवताना तोंडात एकच शब्द: हळू. पहिल्या धड्याला मी समोरचा दांडा इतका आवळून धरला, की ते म्हणाले, अहो, तो कुठे पळून जात नाही, सोडा जरा. मी सोडला. पूर्णच सोडला. त्यावर ते जे बोलले त्यात हळू हा शब्द नव्हता. विमान उतरायला लागलं की माझे डोळे आपोआप मिटत, आणि उतरल्यावर मला माझी टोपी धुवावी लागे. टोपीत काय असे ते लिहीत नाही, कारण आपण पत्रं जेवणानंतर वाचता. पण हौस काही गेली नाही. दर खेपेला टोपी धुवायची आणि पुढची तारीख विचारायची.

अडचण फीची होती. फ्रेमच्या दुकानावर घर चालतं, विमान चालत नाही. तेव्हा तोड काकांनीच काढली. शेडमधली विमानं कुणी धडपणे धूत नाही. मालक येतात, उडतात आणि पंखांवर चिलटांचा थर घेऊन आलेलं विमान तसंच ठेवून घरी जातात. ती तुम्ही धुवा, आणि धुण्याच्या बदल्यात शिका, असं ठरलं. अट एकच: आठवड्यात कमावलेली शिकवणी त्याच आठवड्यात घ्यायची. राहिली तर बुडाली. (ही अट लक्षात ठेवावी. सगळा घोटाळा तिने केला आहे.)

आपल्याला वाटेल, विमान धुणं म्हणजे काय, एक बादली आणि एक फडकं. मलाही तसंच वाटलं होतं. आपली लेक आधी म्हणाली, घरातली एक खिडकी कधी पुसली नाहीत आणि विमानं धुवायला निघालात! मग गंमत बघायला म्हणून आली. मी विमानाची पुढची काच कोरड्या फडक्याने गोल गोल पुसत होतो. ते बघून तिने माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं, आणि धंद्याचा मालक कोण याबद्दल तिथे कुणाला शंका राहिली नाही. ती काच ओली करून, हाताने आधी धूळ सोडवून, मग वरून खाली पुसायची असते. गोल पुसली की ओरखडे उठतात आणि ऊन समोर आलं की चालवणाऱ्याला काही दिसत नाही. हे काकांनी आम्हा दोघांनाही सांगितलं होतं. तिने ऐकलं होतं, एवढाच फरक. माझ्याकडे पोट आलं. विमानाच्या पोटाला इंजिनाचं तेल लागतं; चाकांच्या फळीवर उताणं झोपून, हात वर करून ते पुसावं लागतं. पुसलेलं तेल खाली येतं. खाली मी असतो.

आमचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक दातांचे डॉक्टर. पांढरंशुभ्र विमान, आणि धुऊन झालं की ते त्यांच्या त्या लांब दांडीच्या इवल्या आरशाने खाचाखाचांत बघतात. अशा माणसासमोर मी माझी सगळी कला पणाला लावली. आता विमानाच्या अंगावर बारीक भोकं असतात. त्यांतून आत हवेचा दाब कळतो आणि त्यावरून उंचीचा काटा फिरतो. धुताना त्यांत पाणी जाऊ नये म्हणून वर चिकटपट्टी लावायची, धुणं संपलं की काढायची. बाबा, मी फ्रेमवाला माणूस. चिकटपट्टी दिसली की मी आधी ती झाकायला बघतो. आमच्या धंद्यात पट्टी दिसली तर गिऱ्हाईक फ्रेम परत आणतं. मी दोन दुकानं पालथी घालून विमानाच्या रंगाशी तंतोतंत जुळणारी पांढरी पट्टी आणली, ती भोकाच्या मापाने गोल कापली, कडा नखाने दाबून बसवल्या. इतकी सुबक लागली, की धुऊन झाल्यावर मलाच ती सापडली नाही. म्हणून लावली होती हेच मी विसरलो. डॉक्टरांनी आरसा फिरवला आणि खूश झाले.

डॉक्टर उडण्याआधी काकांनी विमानाला फेरी घातली म्हणून बरं. त्यांचं बोट तिथून गेलं, थांबलं, परत आलं. त्यांनी नखाने पट्टी उचकटली, माझ्यासमोर धरली आणि माझ्याच पालथ्या बादलीवर बसले. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, की हा माणूस ढगात शिरला असता आणि काटा त्याला म्हणाला असता, तू अजून जमिनीवरच आहेस. आमचा धंदा तिथेच बंद व्हायचा, पण आपली लेक पुढे झाली आणि म्हणाली, वर जाणारी वस्तू आधी खाली तपासायची असते, आणि तपासायची ती दिसलीच पाहिजे. हे वाक्य कुणाच्या घरात तिच्या कानांवर पडलं असेल, ते आपल्याला सांगायला नको. मग तिने प्रत्येक पट्टीला हातभर लांब लाल शेपूट लावायचं ठरवलं, वाऱ्यावर फडफडणारं. धुऊन झालं की ती सगळी शेपटं काढून धुणाऱ्याने आपल्या शर्टावर चिकटवायची आणि काकांसमोर उभं राहायचं. हे सगळं ठरलं तेव्हा लाल कापड हाताशी नव्हतं. थंडी होती आणि माझ्या गळ्यात आईंचा मफलर होता. (आईंना एवढा भाग वाचून दाखवू नये. किंवा दाखवावा, पण तो आता विमानांच्या रक्षणासाठी आहे असं म्हणावं.)

राहता राहिली शेपटी. म्हणजे विमानाची. ती फार उंच असते, आणि मालकांची नजर नेमकी तिथेच जाते. मी खोक्यावर स्टूल ठेवलं आणि स्टुलावर मी. आपण असतात तर या तिन्ही वस्तूंना नापास केलं असतंत. पडताना मी विमानाला धक्का लागू दिला नाही, याबद्दल मालकांनी माझं कौतुक केलं. ते मी आडवा पडून ऐकलं. कंबर तेव्हापासून अशी आहे.

असो. फार लांबलं. एकूण धंदा बरा चालला आहे आणि उडण्याची प्रगती तर विचारू नये. येत्या रविवारी सकाळी, शेजारच्या खुर्चीत शिक्षक नसताना, पहिलं उड्डाण आहे. आपण काळजी करू नये. आईंना पुन्हा नमस्कार. मावशींना काहीही सांगू नये.

आपला, पाय अजून जमिनीवर असलेला,
जावई

ता. क. १. रविवारचं उड्डाण कुणाचं, हे वर लिहायचं राहिलं. खरं तर राहिलं नाही, टाळलं. ते माझं नाही. मी कंबर धरून पडलो त्या आठवड्याची शिकवणी बुडणार होती. आणि साबणाची जुनी चकती नव्या वडीला चिकटवणाऱ्या आपल्या लेकीला काही वाया गेलेलं बघवत नाही. ती म्हणाली, फुकट कशाला घालवायची, मी जाऊन बसते. बसण्याआधी तिने विमानाला दोन फेऱ्या घातल्या, प्रत्येक भोक, प्रत्येक बिजागरी हात लावून पाहिली. काकांचा चहा गार झाला. मी शेडमधल्या बाकावर आडवा होतो. विमान उतरलं ते मला डोळे उघडे ठेवून बघता आलं, चाकं टेकल्याचा आवाजसुद्धा आला नाही. काका खाली उतरले आणि मला म्हणाले, तासाभरात एकदाही हळू म्हणावं लागलं नाही हो. ही तपासायला कुठे शिकली? मी म्हटलं, हिचे वडील लिफ्ट तपासायचे. खोटं कशाला बोलू, पुढचा आठवडाभर मला वाईट वाटलं. हौस माझी होती, टोप्या मी धुतल्या होत्या. पण धुण्यातून एकाचीच शिकवणी निघते, आणि विमानातून उतरतानाचं तिचं तोंड मी बघितलं होतं. तेव्हापासून धुतो मी आणि उडते ती. वरून विमान गेलं की लोकांना नुसतं विमान दिसतं. त्याचं पोट किती स्वच्छ आहे ते खाली उभा राहून फक्त मी बघतो, आणि मला ते पुरतं.

ता. क. २. हे पत्र मुळात शिडीसाठी लिहिलं. लहानपणी आपली लेक ती लावून रोज गच्चीच्या टाकीवर चढायची, विमान गेल्याशिवाय खाली यायची नाही, म्हणून आपण शिडी कुलपात घातलीत, असं तिने परवा सांगितलं. त्यानंतर तिने ती कधी मागितली नाही म्हणे. आता मी मागतो. शेपटी अजून धुवायची आहे आणि मला रविवारी विमान पूर्ण स्वच्छ हवं आहे. कृपया पाठवू नये, आपण आणि आईंनी स्वतः घेऊन यावं.

ता. क. ३. (पत्र तिच्या हाती लागलं. यापुढचं अक्षर आपण ओळखालच.) बाबा, शिडीची वरून दुसरी पायरी खिळखिळी आहे, कुलूप लागायच्या आधीपासून. मी सांगितलं नव्हतं, नाहीतर तुम्ही आणखी आधी लावलं असतंत. आणण्याआधी तपासून घ्या. आणि मी वर असेन तेव्हा आईचा हात धरून उभे राहा. तिला काही होत नाही, भीती तुम्हालाच वाटते.