कपाटावरची बॅग

धाकट्या,

आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही. हे पत्र टाकणारही नाहीये.

तू आत गेल्यापासून मी एकही शनिवार चुकवला नाही. दोन तास रांगेत उभी राहायचे, मग काचेपलीकडून तू म्हणायचास, "ताई, मी काही केलं नाही गं." मी विश्वास ठेवला. मी शिकवते त्या बालवर्गातल्या बाकीच्या बाई कुजबुजल्या, तर त्यांच्याशी भांडले.

गेल्या महिन्यात तू फोनवर म्हणालास, "कपाटावरची बॅग माझ्या मित्राला दे. त्याला थंडीचे कपडे हवेत." मी बॅग उघडलीसुद्धा नाही. वर माझी शाल दिली.

चार दिवसांनी पोलीस थेट वर्गात आले. तुझा मित्र पकडला गेला होता आणि त्या बॅगेत चोरीचे दागिने निघाले होते. पोरांसमोर मला नेलं. वकील म्हणाले, "भावाने जबाब दिलाय, बॅग ताईचीच." तुरुंगातले फोन रेकॉर्ड होतात, म्हणून मी सुटले. शाळेने मात्र "तूर्तास येऊ नका" असं कळवलं.

लहानपणापासून तुझं सगळं पोटात घातलं. हे नाही घालता येत.

काल तुझा फोन आला. बोलायचं असेल तर एक दाबा, असं यंत्र सांगत राहिलं. मी कट केला. आतून आईने विचारलं, "काय म्हणतो गं? जेवतो ना नीट?"

"जेवतो," मी म्हणाले. "तुझी आठवण काढत होता."

तुझ्यासाठी मी अजून खोटं बोलते, धाकट्या. याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

ताई