दार वाजवू नये

अहो,

काल सुमितने तुमची ती पाटी माळ्यावरून काढून पुन्हा त्याच लिहायच्या खोलीच्या दाराला लावली. 'काम चालू आहे. दार वाजवू नये.' म्हणून हे लिहितेय. नाहीतर तुम्ही गेल्यापासून तुमच्याशी मनातसुद्धा बोलले नव्हते, रागानेच.

कळंबपासून राजुरीपर्यंत शाळाशाळांतून तुम्ही चांगल्या सवयींवर भाषणं दिलीत. पहाटे उठा, फोन लांब ठेवा, एका वेळी एकच काम करा. माझी एका वेळी किती कामं चालायची, कधी विचारलंत? धारा, डबे, मोटर, दारात आलेला माणूस. तुमचं लक्ष उडू नये म्हणून कुकरची शिट्टी व्हायच्या आत मी गॅस बारीक करायची. तुमची एकाग्रता माझ्या जिवावर चालली होती.

आणि तो बिबट्या आठवतो? गोठ्यामागच्या उसात बसला होता, कालवड दावं तोडायला बघत होती. मी दार वाजवलं, तर तुम्ही आतून ओरडलात, "लई अर्जंट हाये का?" शेवटी शेजारच्यांनी फटाके लावून त्याला हुसकावला. जेवताना तुम्ही मलाच सुनावलंत, तुझ्यामुळे सगळी लिंक तुटली म्हणून. पुन्हा दार वाजवायचं नाही, अशी सुमितच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावलीत.

पोराला काही होऊ नये म्हणून मी ती पाळली. त्या सकाळी आत काहीतरी पडल्याचं मला ऐकू आलं होतं. पुस्तक असेल म्हटलं, आणि चहा झाकून दाराबाहेर बसून राहिले. बऱ्याच वेळाने दार ढकललं, तर तुम्ही आत जमिनीवर पडला होतात. दाराला कडीसुद्धा नव्हती हो!

डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं. तुमची बहीण अजून विचारते, "तुला कसं कळलं न्हाई गं?" तिला उत्तर तुम्ही द्यायला हवं. मी का द्यायचं?

आता सुमित परीक्षेच्या अभ्यासाला बसलाय. म्हणतो, "आई, मधी मधी येऊ नको. पप्पांची पद्धत हाये ही." फोन स्वतःहून माझ्याकडे देतो. तेवढं तुमचं चांगलं घेतलंय, ते मी नाकारत नाही.

पण पाटी मी आज चुलीत घातली. तो चिडला, जेवलाही नाही धड. चिडू दे. त्याच्याच डोक्यावरची शपथ मी मोडतेय, त्याच्यासाठीच. आता तुम्हाला शब्द देते, ते दार मी रोज वाजवणार, काही काम नसलं तरी. आतून तो माझ्यावर ओरडला, की मगच माझ्या कामाला लागणार.

शोभा,
सुमितची आई