तंट्याचे फुटाणे

अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया

चि. पुरुषोत्तम यास थोरल्याचे आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? प्रतिमाचा दमा? उत्तर देऊ नकोस. बांधावरून आपलं बोलणं बंद आहे, हे मी विसरलेलो नाही. नुसतं वाच.

मागल्या महिन्यात सौमित्र म्हणाला, "बाबा, टांटाला जायचंय, बॅग भरा." मला ऐकू आलं तंटा. वाटलं, पोराने आपल्या बांधाचं प्रकरण हातात घेतलं! सातबारा, मोजणीचा नकाशा, सगळं भरलं. विमानात कळलं की टांटा हे इजिप्तमधलं शहर. तिथल्या कापडगिरणीत त्याचं कॉम्प्युटरचं काम होतं, आणि सूनबाई आयसेलिन गावी बहिणीकडे गेलेली, म्हणून मलाही नेलं. (एकदा गॅस चालू राहिला माझ्याकडून, तर किती वर्षं ऐकायचं?) शहराच्या एका अंगाला गिरण्यांचा खडखडाट, दुसऱ्या अंगाला मोठ्या अवलियाचा दर्गा. लांबलांबून माणसं येतात, आणि घरी नेतात काय, तर फुटाणे! परमुलखात फुटाणे बघून मला भरूनच आलं. एक पुडा घेतला, हात जोडले, म्हटलं, हे पुरुषोत्तमाबरोबर बसून खाईन. बांध आहे तिथे राहू दे.

परतताना इथल्या विमानतळावर खायचं काही असेल तर सांगा, असं सौमित्रने बजावलं होतं. मी पुड्याचा पत्ताच लागू दिला नाही. तेवढ्यात एक लांब कानांचा कुत्रा आला आणि माझ्या बॅगेपाशी शांत बसला. (आपला मोत्या वास आला की नाचतो. हा बसला, तेव्हाच मी ओळखलं, हा सरकारी.) कुत्र्याच्या मागच्या साहेबाने बॅग उघडायला लावली. फुटाण्यांखालून नकाशा निघाला, आणि त्यावरच्या लाल रेघा बघून साहेबाचा चेहराच बदलला. वाटलं, आता आत टाकतात.

"बाबा, नकाशा कशाला आणलात?" सौमित्र दातओठ खात म्हणाला.

"तंट्याला जायचं म्हणालास ना!"

त्याने साहेबाला इंग्रजीत सगळी भाऊबंदकी सांगितली. साहेबाने नकाशाची घडी घातली. "ब्रदर?" म्हणाला, "मी टू." आणि सोडलं. फुटाणे मात्र कचऱ्याच्या डब्यात गेले, आणि त्यांच्याबरोबर माझा नवसही. तेव्हापासून घास गोड लागत नाही.

तुझा,
चारुदत्त

ता. क. काल कोटाच्या खिशात दोन फुटाणे सापडले. (कुत्र्यालाही कळले नव्हते. सौमित्रला सांगू नकोस.) पुढल्या महिन्यात मी एकटाच परत येतोय, आणि मला फार भीती वाटते. मुंबईला घ्यायला येशील का?

आणखी ता. क. आलास तर एक फुटाणा तुझा. मोठा माझा. वाद नको, मोजणी झालेली आहे.