शिवलेली शेवटची पानं

२८ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शाळेच्या वाचनालयात आपण दोघी एकाच बाकावर बसून एकच पुस्तक वाचायचो, ते आज कपाट आवरताना आठवलं. तुझं पान संपायच्या आत मी शेवटचं पान उघडायचे आणि तू माझ्या हातावर पट्टी मारायचीस. वाचनालय सांभाळणाऱ्या मदर म्हणायच्या, ही मुलगी देवाच्या कामात नाक खुपसते.

तर नव्या वर्षाचा आपला नेम. मी तुला वाचन नेमून द्यायचं, तू मला लेखन. नाही म्हणायची सोय नाही. यंदाची कादंबरी उशीएवढी जाड आहे. जन्मभर लोकांची पुस्तकं बांधलीस, ही बांधणी बघून नाक मुरडशीलच. एक बाई घर सोडून निघते, तिथून सुरुवात आहे. रोज दोन पानं वाच, वर्षभर पुरेल.

डॉक्टर आता नवीन औषध देणार नाहीत, असं तुझ्या लेकीने फोनवर सांगितलं. पुढे तिला बोलवेना आणि मला विचारवेना. मी एवढंच म्हणते, पुस्तक संपेपर्यंत तू कुठेही जायचं नाहीस.

लोभ आहे तो निदान तेवढे दिवस तरी पुरव.
तुझी शेंडेफळ

९ जानेवारी

चि. शेंडेफळास,
अ. उ. आ.

पुस्तक पोचलं. पोटावर ठेवलं की धाप लागते, म्हणून लेक ते धरून बसते. दोन पानं कुठली, अर्धं होतं. कालचं आज आठवत नाही, त्यामुळे तेच पान पुन्हा नवं लागतं. तेवढीच काटकसर.

तुझी युक्ती कळली. पण रागावू नकोस, काल लेक औषधाला गेली तेव्हा मी शेवटचं पान वाचलं. उभ्या जन्मात पहिल्यांदा. ती बाई घरी परतते की नाही, तेवढंच बघायचं होतं. कळलं, पण बरं वाटलं नाही. मधली माणसं ओळखीची नसली की शेवट म्हणजे नुसती बातमी.

आता तुझं लेखन. दर रविवारी मला एक पत्र, वर्ष संपेपर्यंत. माझं उत्तर येवो न येवो.

माया आहेच, ती काही औषधावर चालत नाही.
तुझी ताई

१७ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हा नेम मला जमणार नाही. दुसरं काहीही लिहायला सांग. ज्याला उत्तर नाही ते पत्र मी कुणाला घालू? दारावरची पत्रपेटी उघडायची, बंद करायची, एवढंच उरेल. कालपासून पेन हातात घेते आणि ठेवून देते.

शेवटचं पान वाचलंस ना, मग माझ्या हातावरच्या सगळ्या पट्ट्या परत घे. रविवारी येते. जागी राहा.

तुझी शेंडेफळ

३ फेब्रुवारी

चि. शेंडेफळास,
अ. उ. आ.

अक्षर लेकीचं आहे, शब्द माझे. तू आलीस आणि मी झोपूनच राहिले. उठले तेव्हा खुर्चीवर तुझी शाल होती. ती आता मीच ठेवते.

बाकीचं ऐक. दाभण, सुया आणि दाबयंत्र लेकीला. तिला नको असेल तरी तिलाच. माझी पुस्तकं शाळेला द्यायची, पण फाटकी आधी शिवून. ती जुनी पट्टी तुला. कादंबरीही तुला. मी पोचले तिथे दोऱ्याची खूण आहे, पण तू पहिल्या पानापासून वाच.

शेवटची पानं मी गेल्या आठवड्यात शिवून टाकली. दोरा लेकीने ओवून दिला. टाका वाकडा आलाय, दुकानात असता तर उसवून पुन्हा घातला असता. तिथवर रीतसर पोचलीस की मगच कात्री लाव.

शेवट मला माहीत आहे. ती बाई तिथवर कशी पोचली, ते तेवढं दर रविवारी कळवत जा.

तुझी ताई